"तो चाललाय म्हणे..." फुटबॉलमधल्या ट्रान्सफरच्या बातम्यांनी तुम्हाला कधी छळलंय का?

लकडीपूल
काल रात्री मुलगा ताटावरून अर्धवट उठला. अकरा वर्षांचा आहे. काय झालं विचारलं तर फोनच पुढे केला. त्याच्या लाडक्या मिडफिल्डरला दुसरा क्लब उचलणार म्हणे, 'सूत्रांकडून समजते'.

मला एकदम २०१० चा जुलै आठवला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, चौघांत एक टीव्ही. स्पेनने वर्ल्ड कप जिंकलेला, माद्रिदमध्ये जल्लोष, आणि स्टेजवर पुयोल-पिके मंडळींनी सेस्क फाब्रेगासच्या डोक्यातून बार्सिलोनाचा शर्ट घातला. आमच्या लंडनच्या आर्सेनल क्लबच्या कॅप्टनला! वर्षभर तिकडचे खेळाडू तेच म्हणत राहिले, तो आमचा, त्याने घरी यावं. ऑगस्ट २०११ ला गेला. लहानपणी तिथेच वाढला होता, त्यामुळे गेल्याचं एवढं नाही. पण मधल्या वर्षात त्याचा एक पास चुकला तरी मला वाटायचं, याचं मन इथे नाही. आपल्याच कॅप्टनकडे मी संशयाने बघायला लागलो होतो. ते अजून सलतं.

तुमचंही लिहा.

निळी_छत्री
पहाटे साडेतीन. एवढंच लिहिते, ज्यांना कळलं त्यांना कळलं.

शेवटची_बस
ऑगस्टात साडेतीन, जानेवारीत साडेचार 🙂 इंग्लंडची ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, तेव्हा तिकडच्या रात्री अकराला बंद व्हायची.

३१ ऑगस्ट २०१५, मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर डे हेआ. स्पेनची खिडकी त्यांच्या मध्यरात्री बंद, म्हणजे आपले साडेतीनच. महिनाभर तो रेआल माद्रिदला गेल्यातच जमा होता, युनायटेड त्याला खेळवतही नव्हतं. आणि शेवटी कागद वेळेत पोचले नाहीत! मी एवढ्या जोरात ओरडलो की आई देवघरातला दिवा लावायला उठली, तिला वाटलं सहा वाजले. पुढच्या दोन आठवड्यांत त्याने नवा करार केला.

रात्रपाळी
२००८ च्या उन्हाळ्यात मी एका दैनिकात क्रीडा पानावर होते. रोनाल्डो युनायटेड सोडून रेआल माद्रिदला जाणार, हे आम्ही किती वेळा छापलं याला हिशेब नाही. एजन्सीची कॉपी यायची, तिचं मूळ स्पेनच्या पेपरात, त्याचं मूळ 'क्लबच्या जवळची व्यक्ती'. तीन हात फिरून आलेली गोष्ट इथे सकाळच्या चहाबरोबर खरी वाटायची. युनायटेडने फिफाकडे तक्रार केली, फिफाने काही केलं नाही.

नियम असा की करारातल्या खेळाडूशी बोलण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवायचं, शेवटचे सहा महिने उरले की तो मोकळा. पण 'असा खेळाडू कोणाला नको असेल' असं अध्यक्ष पत्रकारांसमोर म्हणाला तर त्याला बोलणी म्हणत नाहीत. तेवढ्याने काम होतं. तिकडे त्याचे सहकारी अस्वस्थ, प्रेक्षक नाराज, आणि विकत घेणाऱ्याचा खर्च शून्य. २००९ ला रोनाल्डो ८ कोटी पौंडांना गेलाच. एजंटही अशा बातम्या पेरतात, बऱ्याचदा आहे त्याच क्लबकडून पगार वाढवून घ्यायला.

कुकर झाला, येते.

कॉप_कोथरूड
लकडीपूल, तुमच्या क्लबने २०१३ ला आमच्या लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी काय केलं तेही लिहा की. ४ कोटी पौंड अधिक १ पौंड! करारातलं ४ कोटींच्या वरच्या बोलीचं कलम लागू व्हावं म्हणून वरचा तो एक. तो जाहीरपणे जायचंय म्हणाला, आमचा अख्खा उन्हाळा जळला. राहिला, आणि लीगमध्ये ३१ गोल केले. आता खरं सांगायचं तर २०१७ ला साउथॅम्प्टन क्लबच्या व्हॅन डाइकच्या वेळी आमच्याच क्लबला त्यांची जाहीर माफी मागावी लागली होती. आणि पुढच्या जानेवारीत आम्ही त्याला आणलाच.

लकडीपूल
मान्य. तेव्हा मी रोज बातम्या उघडून खूश होत होतो. पलीकडे तुम्ही जागे असाल हे डोक्यातही आलं नाही.

डावा_बॅक
एवढ्या लांब कशाला जायचं. इथल्या लीगमध्ये हेच झालं. आमचा स्ट्रायकर कॅम्पातला, पहाटे वडिलांबरोबर बेकरीत काम करून सरावाला यायचा. सेमीच्या चार दिवस आधी ग्रुपवर फोटो आला, तो समोरच्या टीमच्या मॅनेजरबरोबर चहा पितोय. खाली ओळ, 'पुढच्या सीझनला आमच्याकडे'. फोटो खरा होता. पण मॅनेजर त्याच्या मामाचा शेजारी, एका लग्नात भेटले होते. हे आम्हाला मागाहून कळलं.

चार दिवस कोणी त्याला काही विचारलं नाही. नुसतं पास देणं कमी झालं. मी स्वतः त्याला दोनदा मोकळा बघून बॉल दुसरीकडे मारला. ०-१ हरलो. झाडाखाली बूट सोडता सोडता तो म्हणाला, "दादा, तू तरी विचारायचं होतंस."

पुढच्या सीझनला तो खरंच त्यांच्याकडे गेला. आम्हीच घालवला.

निळी_छत्री
😔 बोलता का आता त्याच्याशी?

डावा_बॅक
हो. त्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन आलो. हा विषय मात्र कधी निघत नाही.

खडकी_बाजार
आमच्या बंगाली शेजाऱ्यांकडून ऐकलेलं: कलकत्त्यात याला दलबदल म्हणतात. सह्यांच्या दिवसांत मोहन बागान-ईस्ट बंगालवाले खेळाडूला चक्क लपवून ठेवायचे, दुसऱ्यांनी पळवू नये म्हणून. १९८५ ला कृशानू डे आणि विकाश पांजी मोहन बागानमधून ईस्ट बंगालला गेले, ते सांगताना काकांचा आवाज अजून चढतो. काकू मोहन बागानच्या, त्या उठून आत जातात.

बाणेरटेकडी
तुमचे खेळाडू गेले, आमचा तर क्लबच गेला. एफसी पुणे सिटी, २०१४ ते २०१९. बालेवाडीच्या स्टेडियमवर फ्रान्सचा ट्रेझेगे खेळताना पाहिलाय मी! मग मार्सेलिनो, अल्फारो आले. क्लब बंद होणार असं आधी कानावर येत होतं, मी सगळ्यांना अफवा आहे म्हणून सांगत होते. ती एक बातमी तेवढी खरी निघाली. केशरी जर्सी अजून कपाटात आहे.

शेवटची_बस
ताई, बालेवाडीहून परतताना बस मिळायची नाही, आठवतंय? एकदा चांदणी चौकापर्यंत चालत आलो होतो आम्ही.

बाणेरटेकडी
आठवतंय ना! आम्ही तर बाणेरपर्यंत चालतच यायचो, हरलो तरी गाणी म्हणत.

लकडीपूल
मुलाला डावा_बॅक यांचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "त्या दादाला कोणीच का नाही विचारलं?" मला उत्तर देता आलं नाही. आज डबा संपवून आलाय. बाणेरटेकडी, ती जर्सी बघायची आहे म्हणतोय.

बाणेरटेकडी
रविवारी सकाळी घेऊन या त्याला. लहान साइझची पण आहे एक, भाच्याला आता होत नाही.