लहानपणी आई किंवा वडील गेले, त्यानंतरचे मोठेपण

लहान वयात आई किंवा वडील गमावलेल्या मुलाकडे नातेवाइकांचे लक्ष वर्ष-दोन वर्षे असते. पुढे ते मूल शिकते, नोकरीला लागते, त्याचे लग्न होते आणि 'सगळे मार्गी लागले' असे म्हणून विषय मिटतो. माझे वडील मी सहावीत असताना गेले. आज पन्नाशीत माझ्या स्वभावातल्या ज्या गोष्टींचा घरच्यांना त्रास होतो, त्यांतल्या बऱ्याच त्या वर्षापाशी जाऊन पोहोचतात, आणि त्यात दुःखाइतकाच वाटा मोठ्या माणसांनी आम्हा मुलांना तेव्हा काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, याचाही आहे, असे मला वाटते. म्हणून परिचयातल्या काहींना लिहिण्याची विनंती केली. सांत्वन नको, प्रौढपणी नेमके कुठे अडले ते लिहा, एवढीच अट होती. नावे अर्थातच दिलेली नाहीत.

सातारा जिल्हा, शेती आणि नोकरी

तेराव्याला मामांनी माझ्या डोक्याला पागोटे बांधले तेव्हा ते कानांवर घसरत होते आणि कुणीतरी मागून हाताने धरून ठेवले होते. मी दहा वर्षांचा होतो. 'आता घरातला कर्ता तूच' हे वाक्य त्या दिवशी इतक्या जणांनी उच्चारले की मी ते शब्दशः खरे मानले. धाकट्या बहिणीची फी भरली का, रॉकेल किती उरले, हे मी तेव्हापासून पाहू लागलो आणि गरज संपून कैक वर्षे झाली तरी पाहतोच आहे. कुणी मदत देऊ केली की आधी संशय येतो. सुट्टीवर गेलो तरी माझे चित्त घराच्या कुलपात असते, अशी पत्नीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

वडिलांनी स्वतः विकत घेतलेली दीड एकर जमीन होती. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' असा शेरा आला, म्हणजे आम्ही भावंडे अज्ञान आणि आई पालनकर्ती. भावकीतून जमीन विकण्याचा आग्रह सुरू होता. परंतु १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे अज्ञान मुलांच्या वाट्याची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे गावातल्या एका निवृत्त तलाठ्याने आईला समजावले आणि तेवढ्या एका आधारावर ती प्रत्येकाला नकार देत राहिली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा देऊन हा शेरा कमी करून घेता येतो. आमच्या उताऱ्यावर तो माझी तिशी उलटेपर्यंत तसाच होता. पीककर्जाच्या वेळी कारकून हसून म्हणाला, "अहो, कागदावर तुम्ही अजून अज्ञानच आहात." शेरा काढण्याचा अर्ज अर्ध्या पानाचा होता, पण त्यावर सही करायला मला फार जड गेले. सगळ्या जगाने कर्ता ठरवलेल्या मुलाला अज्ञान म्हणणारा तेवढा एकच कागद होता.

नाशिक, शिक्षिका

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्या आईने माझे काही कमी केले नाही, हे आधीच लिहिते, कारण सावत्र म्हटले की लोक पुढची कहाणी गृहीत धरतात. अडचण वेगळीच होती. नव्या आईला वाईट वाटू नये म्हणून पहिलीचा उल्लेख कुणी करत नसे. तिचा फोटोही आजोळी गेला. वर्षातून एकच दिवस ती घरात येई, पितृपक्षातल्या अविधवा नवमीला. शेजारच्या काकू सवाष्ण म्हणून जेवायला येत, नवी आईच त्यांची खणानारळाने ओटी भरत असे, आणि आजी त्या दिवशी न चुकता भोपळ्याचे घारगे करायला लावत असल्यामुळे, आईला ते आवडत असावेत, असा अंदाज मी काकूंच्या पानाकडे पाहत बांधत असे. विचारायची सोय नव्हती. वडील गेल्यावर आमच्याकडील रिवाजाप्रमाणे ती नवमीही बंद झाली. त्या वर्षी मला वडिलांपेक्षा आईसाठी अधिक रडू आले, आणि तेव्हा माझी स्वतःची मुलगी कॉलेजात होती.

हल्ली पाळी अनियमित झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, आईची कोणत्या वयात थांबली? आई ३१ व्या वर्षी गेली. मी "माहीत नाही" असे लिहून दिले.

पुणे, अभियंता

वडील ४४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर ती जोखीम धरतात, त्यामुळे माझ्या तपासण्या तिशीतच सुरू झाल्या; ते योग्यच झाले. परंतु ४४ वे वर्ष लागल्यावर मी एकही लांबचा बेत केला नाही. मृत्युपत्र मात्र केले. पंचेचाळिशी गाठल्यावर मी वडिलांपेक्षा मोठा झालो, आणि या वयाचा पुरुष घरात कसा वावरतो, हे पाहायला माझ्यापुढे कुणी उरले नाही.

कोल्हापूर, वकील

मी दोन वर्षांची असताना वडील गेले. त्यांची आठवणच नाही, त्यामुळे उणीव जाणवली असे लिहिणे खोटे ठरेल. त्रास झाला तो लोकांच्या 'बिचारी'चा. माझ्या लग्नात कन्यादान मामा-मामींनी केले आणि जिने वाढवले ती आई मांडवात मागच्या रांगेत बसली. तो राग अजून गेलेला नाही. धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही आईलाच पाटावर बसवले. गुरुजींनी आधी कुरकुर केली, मग संकल्प सांगितला.

(हा अनुभव वाचून बरे वाटले. प्रत्येकाच्या मनात खोल जखम असलीच पाहिजे, असा आग्रह लिहिणाऱ्यांनाही जाचतो.)

छत्रपती संभाजीनगर, एक मामा

मी पालक म्हणून लिहितो आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बहीण आणि मेहुणे दोघेही गेले. भाची तेव्हापासून आमच्याकडे आहे. राज्य शासनाची ५ लाखांची मुदत ठेव तिच्या नावे आहे, केंद्राच्या योजनेतून २३ व्या वर्षी १० लाख मिळतील. पैशाची बाजू त्या मानाने सरळ आहे. आम्ही मात्र तिच्यासमोर बहिणीचे नाव काढत नव्हतो, तिला त्रास होईल म्हणून. वरचे अनुभव मला आधी वाचायला मिळाले, विशेषतः नवमीच्या पानाचा. त्यानंतर मी बहिणीच्या वसतिगृहातल्या दोन मैत्रिणींना फोन केला. दिवाळीच्या सुट्टीत त्या येणार आहेत, आणि भाचीने वहीत प्रश्न लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. पहिला प्रश्न, आई गणितात नापास झाली होती का, असा आहे. झाली होती.