मदत हवी आहे: इंडोलही पॉझिटिव्ह, सिट्रेटही पॉझिटिव्ह, मग हा जिवाणू आहे तरी कोण?

नमस्कार मंडळी. लातूरला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतेय, पहिलं वर्ष. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. सरावाला मॅडमनी प्रत्येकीला एकेक 'अननोन' (टेस्ट करून ओळखायचा जिवाणू) दिलाय, माझा नंबर ७. लघवीच्या नमुन्यातून काढलाय एवढंच सांगितलं. बाकीच्यांचं कधीच झालं. शेजारणीचा ८ नंबर क्लेब्सिएला निघाला, तिचं जर्नलसुद्धा लिहून झालं. माझं घोडं अडलंय.

मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर गुलाबी कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके). ग्रॅम रंग दिल्यावर आखूड लाल रॉड. पहिल्या स्लाइडवर निम्मे जांभळे दिसले, पण स्मिअर फार जाड झाला होता. पातळ करून केला तेव्हा सगळे लाल. ऑक्सिडेज निगेटिव्ह, तेही दुसऱ्या खेपेला. आधी नायक्रोमच्या तारेच्या लूपने कॉलनी उचलली (त्या धातूनेच टेस्टचा कागद जांभळा होऊ शकतो, हे माहीत नव्हतं), कागद जांभळा झाला आणि मी स्यूडोमोनास लिहून मोकळी! मॅडमनी लूपकडे बघितलं, काही न बोलता लाकडी काडी हातात दिली.

पुढच्या ओळखीच्या टेस्ट अशा, सगळ्या पॉझिटिव्ह: इंडोलला लालभडक कडी. एमआर (मिथाइल रेड) लाल. व्हीपी (व्होगेस-प्रॉस्कॉर) अर्ध्या तासाने गुलाबीसर. सिट्रेट निळं. युरिएज दुसऱ्या दिवशी फिकट गुलाबी. टीएसआय (साखरांच्या अगारची नळी) वरखाली पिवळं, गॅसने अगार तळातून उचललेलं. मोटिलिटीच्या नळीत टोचल्याच्या रेषेभोवती ढग, म्हणजे जिवाणू हलतो.

ई. कोलाय म्हणावं तर सिट्रेट निळं का? क्लेब्सिएला न्यूमोनी म्हणावं तर इंडोल कसं? मैत्रीण म्हणते क्लेब्सिएला ऑक्सिटोका लिही आणि झोप. लिहू का?

प्रतिसाद १
ऑक्सिटोकाच. इंडोल पॉझिटिव्ह क्लेब्सिएला म्हणजे दुसरं काय असणार? एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) एवढं खोदत नाहीत.

धागाकर्ती
पण क्लेब्सिएला हलत नाही ना? माझ्या नळीतल्या ढगाचं काय करू?

प्रतिसाद २
ढगाचा मुद्दा अगदी बरोबर, ऑक्सिटोका तिथेच बाद होतो. सिट्रोबॅक्टर कोसेरीचंही नाव कोणी काढेल. तो हलतो, इंडोल आणि सिट्रेटही देतो, पण त्याचं व्हीपी निगेटिव्ह. मी एका लॅबमध्ये कल्चरचं टेबल सांभाळतो, वीसेक वर्षं झाली. तक्ता बाजूला ठेव आणि आधी सांग, प्लेटवरच्या कॉलन्या सगळ्या सारख्या आहेत का? आणि तू उचललीस ती कुठून?

धागाकर्ती
दाट भागातून उचलली. सुट्या कॉलन्या फारशा आल्याच नव्हत्या. काही जरा मोठ्या वाटल्या, पण सगळ्या गुलाबीच.

प्रतिसाद २
मग घे, तुझंच रिडिंग दोन रकान्यांत मांडून बघ. इंडोल, एमआर, मोटिलिटी: हे ई. कोलायचं. व्हीपी, सिट्रेट, युरिएज: हे क्लेब्सिएला न्यूमोनीचं. एका नळीत दोघे गेले की जो पॉझिटिव्ह देतो त्याचंच दिसतं, दुसऱ्याचं निगेटिव्ह झाकून जातं. टीएसआय दोघांचंही पिवळं-पिवळं आणि गॅस, त्यामुळे तिथे फरक कळणारच नव्हता.

सिट्रेटची एक गंमत वेगळी. भरपूर माल लावला किंवा ब्रॉथमधून थेंब गेला तर ई. कोलायसुद्धा निळं करून दाखवतो. सरळ सुईने, अगदी हलकं लावायचं.

आता नव्याने स्ट्रीक कर (प्लेटवर रेघा ओढून पसरव). चार भाग, दर भागाआधी लूप लाल होईपर्यंत तापव आणि गार होऊ दे. सुटी कॉलनी मिळाली की ती न्यूट्रिएंट अगारवर घे, पुढच्या टेस्ट त्यावरून. ऑक्सिडेजही मॅकॉन्कीवरून करू नये, आम्लामुळे चकवतं. आणि नळ्या लावशील तेव्हा त्याच मालाची एक रेघ प्लेटवर ओढून ठेव. दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवर दोन तऱ्हा दिसल्या तर नळ्या वाचायचीही गरज नाही, फेकायच्या.

तुला हे परीक्षेपुरतं वाटेल. आमच्याकडे अशा मिश्रणावर औषधांच्या डिस्क लावल्या तर रिपोर्ट पेशंटच्या हातात जातो. क्लेब्सिएला न्यूमोनी अँपिसिलिनला मुळातच दाद देत नाही, ई. कोलाय कधी देतो कधी नाही. डिस्कभोवतीच्या त्या एका झोनवरून (जिथे वाढ होत नाही) डॉक्टरने काय समजायचं?

धागाकर्ती (शनिवार)
दादा, दोन निघाले! एक चपटी, कोरडी, गडद गुलाबी. दुसरी मोठी, शेंबडासारखी, लूप उचलला की तार येते. सुट्या दिसल्यावर कळलं, दाटीत सगळ्या एकच वाटत होत्या. वेगवेगळ्या नळ्या लावल्या: चपटीचं इंडोल लाल, सिट्रेट हिरवंच राहिलं. तार येणारीची कडी पिवळी, सिट्रेट निळंशार.

पण मॅडम म्हणतात मी शुद्धच स्लँट (तिरक्या अगारवर जिवाणू वाढवलेली नळी) दिला होता. आता यातला खरा ७ नंबर कोणता?

प्रतिसाद ३
शेजारणीचा ८ नंबर क्लेब्सिएला होता म्हणालीस ना? लूप कोणाची वापरत होतीस?

धागाकर्ती
अरे देवा. दोघींत एकच. बर्नरही एकच, आणि गप्पा मारता मारता…

प्रतिसाद २
तरी अंदाजाने लिहू नकोस. मूळ स्लँट मागून घे आणि त्यावरून स्ट्रीक कर.

धागाकर्ती
मॅडमनी फ्रीजमधून काढून दिला. आत्ता रात्री आठला प्लेट ३७ डिग्रीला ठेवून आले. उद्या रविवार, कॉलेज बंद. वॉचमनकाकांना गळ घातली आहे, दहाला किल्ली देतो म्हणालेत.