शब्दचर्चा : अधिवृक्कातली अवचित सापडलेली गाठ – 'आकस्मिक', 'सौम्य', 'निरुपद्रवी' यांतले काय चालेल?

फोंड्याची अनुवादक :
अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठींवर जे वैद्यकीय संशोधन चालते, त्यात सहभागी होणाऱ्यांसाठीचे माहितीपत्रक मराठीत उतरवायचे काम हाती आहे. संमतीची सही करण्याआधी माणूस हेच वाचणार, म्हणून शब्दांची एवढी काळजी. अडले आहे ते पहिल्याच शब्दाला : इन्सिडेंटलोमा.

मुतखड्यासाठी किंवा दुचाकीवरून पडल्यामुळे पोटाचे सीटी स्कॅन झाले आणि त्यात मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ दिसली, तर तिला हे नाव देतात. अट एकच, की स्कॅन अधिवृक्काच्या आजाराच्या संशयाने केलेले नसावे. १९८२ साली गीलहोड आणि ड्रुई यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच हा शब्द घातला आणि तो रूढ झाला.

मला सुचवलेला प्रतिशब्द आहे 'आकस्मिक गाठ'. तो पटत नाही. आकस्मिक मृत्यू, आकस्मिक खर्च, आकस्मिक संकट : या सगळ्यांत ती गोष्टच अचानक घडते. इथे गाठ अचानक आलेली नाही, कित्येक वर्षे तिथेच असेल. अचानक आहे ते तिचे दिसणे. 'आकस्मिक गाठ' वाचणाऱ्याला वाटणार, एवढ्या झपाट्याने आली म्हणजे वाईटच असणार. तुम्हां सर्वांचे मत हवे आहे.

डिचोलीचे निवृत्त शिक्षक :
ताई, हरकत रास्त आहे. 'आगंतुक' मनात येईल, पण तो घेऊ नका. आयुर्वेदात आगंतू म्हणजे बाहेरच्या आघाताने आलेला विकार, तेव्हा अर्थ भलतीकडे जातो. 'प्रासंगिक' म्हटले तर अधूनमधून येणारी गाठ वाटेल. 'आनुषंगिक' अर्थाने सर्वांत जवळ, पण तो शब्द कार्यालयीन टिपणीत शोभतो, दवाखान्यात नाही. माझे मत 'अवचित'ला. 'अवचित सापडलेली गाठ'. आपल्याकडे गोव्यात कोकणीतही 'अवचीत' बोलतात, त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. मात्र 'सापडलेली' गाळू नका. 'अवचित गाठ' एवढेच लिहिले की पुन्हा 'आकस्मिक'चाच दोष आला.

आणखी एक. 'ग्रंथीतील गाठ' असे लिहाल तेव्हा जरा थांबून पाहा. संस्कृतात ग्रंथी म्हणजेच गाठ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा आहे, आणि तिथे ग्रंथी हा आजार आहे, अवयव नव्हे. आधुनिक मराठीने तोच शब्द स्राव करणाऱ्या अवयवाला दिला आणि आजाराला 'गाठ' ठेवला. शिकलेल्या माणसाला फरक कळतो. पण 'तुमच्या ग्रंथीत बिघाड आहे' म्हटले की घरातली वयस्क माणसे गाठच समजतात.

पेडण्याची परिचारिका :
सर, खरे आहे. त्याहून मोठी अडचण 'अधिवृक्क' या शब्दाची. 'वृक्क' कोणी बोलत नाही, मूत्रपिंड किंवा किडनीच बोलतात. पेशंट कागद हातात धरून 'वृक्ष' वाचतात. मग कोणीतरी सोपे करून सांगतो, 'किडनीर गांठ आसा', आणि घरी गेल्यावर सगळे क्रिएटिनिन, डायलिसिस यांच्याच चौकशा करतात. किडनीला काही झालेले नसते. माझी विनंती, पहिल्या वेळी 'अधिवृक्क, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी' असे लिहा आणि पुढे ॲड्रिनल ठेवा. रिपोर्टवर तोच शब्द असतो. आणि 'ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या वर असते, पण लघवीशी तिचा संबंध नाही' हे वाक्य घाला.

फोंड्याची अनुवादक :
सिस्टर, ते वाक्य जसेच्या तसे घेते. 'ॲड्रिनल' मान्य. 'अवचित सापडलेली'ही मान्य. आता खरी अडचण पुढे आहे. मूळ मजकुरात 'बिनाइन' वारंवार येतो. त्याला मी 'सौम्य' लिहिले होते, कोशात तेच मिळते. पण चौथ्या परिच्छेदात 'माइल्ड' आला, त्यालाही 'सौम्य'. एकाच पानावर 'सौम्य गाठ' आणि 'सौम्य कॉर्टिसोल स्राव', आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. दुसरीकडे 'सौम्य गाठ' म्हणजे हलका कर्करोग असेही कोणी वाचील. 'निरुपद्रवी' लिहिले तर?

म्हापशाचे डॉक्टर :
'निरुपद्रवी'ला माझा स्पष्ट विरोध. तुम्ही शब्द विचारला आहे, पण उत्तर आजारात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अशी गाठ सापडली की डॉक्टर दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो. पहिला : हा कर्करोग आहे का? दुसरा : गाठ जास्तीचे संप्रेरक सोडते आहे का? एकाचे उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही. गाठ कर्करोगाची नाही आणि तरी ती कॉर्टिसोल सोडत राहते, हे रोजचे आहे. कॉर्टिसोल हे ॲड्रिनलचेच संप्रेरक, आणि ते किती सोडायचे हे एरवी मेंदूतली पीयूषिका ग्रंथी ठरवते. ही गाठ तिचे ऐकत नाही. प्रमाण थोडे असते, गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे अशी कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढल्याने होणाऱ्या आजाराची, ठळक चिन्हे दिसत नाहीत. पण रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास १६ देशांतल्या ३० केंद्रांतल्या ३६५६ रुग्णांचा होता, आणि त्यात या थोड्याशा जास्तीच्या कॉर्टिसोलचा संबंध मृत्यूच्या वाढलेल्या प्रमाणाशी दिसला, विशेषतः ६५ वर्षांखालच्या स्त्रियांत. अशा गाठीला 'निरुपद्रवी' म्हणून पेशंटला घरी पाठवले तर तो परत येणारच नाही. शब्दानेच त्याला सांगितले की काम संपले.

तेव्हा 'बिनाइन' = 'कर्करोग नसलेली'. लांब आहे, असू द्या. 'माइल्ड' = 'थोडा'. 'ऑटोनॉमस'ला 'स्वायत्त' नको, स्वायत्त महाविद्यालय ही चांगली गोष्ट असते. 'नियंत्रण न मानणारा' लिहा. आणि 'फंक्शनिंग', 'नॉन-फंक्शनिंग' यांना 'कार्यरत', 'निष्क्रिय' लिहिलेले पाहिले आहे. निष्क्रिय ज्वालामुखी उद्या पेटू शकतो, तीच भीती पेशंटच्या मनात बसते. त्यापेक्षा 'स्राव करणारी' आणि 'स्राव न करणारी'.

डिचोलीचे निवृत्त शिक्षक :
डॉक्टरसाहेब, 'कर्करोग नसलेली' मला नकारार्थी वाटते. कर्करोग हा शब्द कानावर पडलाच की. 'साधी गाठ' म्हणायला काय हरकत? लोक म्हणतातच.

म्हापशाचे डॉक्टर :
सर, समोरासमोर बोलताना मीही 'साधी' म्हणतो. पण पेशंटला कर्करोग हा शब्द ऐकायचाच असतो, 'नाही' या शब्दासकट. 'साधी' म्हटले की दारात जाऊन परत वळतो आणि विचारतो, 'म्हणजे कॅन्सर नव्हे ना?' लेखी पत्रकात तो प्रश्न उरू नये.

पेडण्याची परिचारिका :
मग पेशंट म्हणतात, तुकडा काढून तपासा म्हणजे शंका नको. ते का करत नाहीत, हे पत्रकात असावे.

म्हापशाचे डॉक्टर :
असायलाच हवे. इथे सुईने तुकडा काढून सहसा काही साधत नाही. कॉर्टेक्सची, म्हणजे ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराची, गाठ साधी की कर्करोगाची, हे तेवढ्याशा तुकड्यावरून खात्रीने सांगता येत नाही. आणि गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाली, म्हणजे ॲड्रिनलिनच्या जातीची द्रव्ये सोडणारी, तर सुई लागताच रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो. शरीरात दुसरीकडे कर्करोग असेल आणि तो इथे पसरला आहे का हे पाहायचे असेल, तरच बायोप्सीचा विचार, तोही आधी रक्तात किंवा लघवीत मेटानेफ्रिन (त्याच द्रव्यांपासून शरीरात बनणारे पदार्थ) तपासून.

बहुतेक उत्तर सीटीतच असते. रिपोर्टमधली ओळ अशी असते : 'उजव्या ॲड्रिनलमध्ये १८ मिमी, एकसंध, ६ एचयू'. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड एकक, सीटीचा शोध लावणाऱ्या हाउन्सफील्ड यांचे नाव. पाणी शून्य, हवा उणे हजार. ज्या गाठीत चरबी भरपूर असते तिचा आकडा खाली येतो, आणि तशी गाठ कर्करोगाची नसते. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रंग न टोचता काढलेल्या सीटीत गाठ एकसंध आणि १० किंवा त्याहून कमी एचयूची असेल, तर ती केवढीही मोठी असो, पुन्हा स्कॅनची गरज नाही. पेशंटला सगळे मिलिमीटर पाठ असतात, एचयू विचारतच नाहीत. पत्रकात 'एचयू'चे भाषांतर करू नका. 'घनतेचा आकडा (एचयू)' लिहा, म्हणजे रिपोर्टवर बोट ठेवून शोधता येईल.

फोंड्याची अनुवादक :
डॉक्टर, आकड्यांचा एक गोंधळ सुटत नाही. मूळ मजकुरात २००० सालचा इटलीतला १००४ जणांचा अभ्यास आहे. त्यात ८५ टक्के गाठी स्राव न करणाऱ्या आणि फक्त ९.२ टक्के कॉर्टिसोल जरासे जास्त सोडणाऱ्या. पुढे २०२२ सालचा १३०५ जणांचा अभ्यास येतो, त्यात कॉर्टिसोल थोडे जास्त सोडणाऱ्या ४५ टक्क्यांच्या घरात. बावीस वर्षांत गाठी बदलल्या का?

म्हापशाचे डॉक्टर :
गाठी त्याच. व्याख्या बदलली. तेव्हा नाव होते 'सबक्लिनिकल कुशिंग' आणि निकष कडक, एकाहून अधिक चाचण्या बिघडलेल्या हव्या होत्या. २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ते नाव बाजूला ठेवले, कारण त्यातून असे ध्वनित होई की पुढे खरा कुशिंग होणारच, आणि तसे फार क्वचित होते. आता रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी घेऊन सकाळी कॉर्टिसोल मोजतात; या औषधाने ते एरवी खाली यायला हवे. लिटरमागे ५० नॅनोमोलच्या वर म्हणजे स्राव नियंत्रण मानत नाही, असे धरतात. उंबरठा खाली आणला की त्यावरून आत येणारे वाढणारच. केंद्रांकडे पाठवले जाणारे पेशंटही वेगळे असतात, पण मुख्य कारण हे. दोन्ही आकडे एका परिच्छेदात शेजारी ठेवू नका, ठेवलेत तर त्यांच्यामध्ये हे वाक्य घाला.

तसेच दुसऱ्या एका आकड्याचे. अवचित सापडलेल्या गाठींत कर्करोग किती, म्हणून २०२० सालच्या अभ्यासातले २०१७ रुग्णांपैकी ९८, हा आकडा उचलला जातो. तो ११ देशांतल्या १४ विशेष केंद्रांचा आहे. अशा ठिकाणी शंकास्पद गाठी मुद्दाम पाठवल्या जातात. आपल्या तालुक्यातल्या सोनोग्राफी केंद्रात जिला गाठ दिसली तिला हे प्रमाण लावू नये. तिला सांगायचे ते वेगळे : पन्नाशीच्या आसपास शंभरात सुमारे तिघांना अशी गाठ असते, वय वाढेल तसे दहापर्यंत. आणि २०१९ साली ३२ अभ्यास एकत्र करून चार हजारांवर रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा गाठी सरासरी चार-साडेचार वर्षांत २ मिलिमीटरच वाढल्याचे दिसले. साध्या गाठीचा पुढे कर्करोग झाल्याचे त्यात एकही उदाहरण नव्हते.

डिचोलीचे निवृत्त शिक्षक :
हे शेवटचे वाक्य पत्रकाच्या पहिल्या पानावर घ्या, ताई. भाषा कितीही नेटकी असली तरी घाबरलेला माणूस दुसऱ्या पानावर जात नाही.

'फॉलो-अप'ला काय करता आहात? 'पाठपुरावा' सगळीकडे दिसतो. पाठपुरावा आपण करतो तो अर्जाचा, रस्त्याच्या कामाचा, म्हणजे दुसरा हलत नाही म्हणून आपण त्याच्या मागे लागायचे. पेशंटचा पाठपुरावा म्हटले की गुन्हेगाराचा माग काढल्यासारखे होते.

फोंड्याची अनुवादक :
'फेरतपासणी' ठेवते आहे, आणि संशोधकांच्या बाजूने बोलायचे असेल तिथे 'पुढील नोंदी'. 'रेट्रोस्पेक्टिव्ह'ला 'पूर्वलक्षी', तो सरकारी आदेशांमुळे ओळखीचा आहे. 'प्रॉस्पेक्टिव्ह'ला शब्द न देता 'आजपासून पुढे नोंदी ठेवून केलेला अभ्यास' असे उलगडून लिहिते. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'ला 'माहितीपूर्ण संमती' छापतात, पण माहितीपूर्ण तर पुस्तक असते. 'समजून घेऊन दिलेली संमती'.

पेडण्याची परिचारिका :
ताई, 'डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्ट'ला काय? 'दमन चाचणी' वाचून एका बाईंनी मला विचारले होते की मला काही कोंडून ठेवणार का.

म्हापशाचे डॉक्टर :
नावच नको. 'रात्री गोळी, सकाळी रक्त' म्हणा, आणि खाली सूचना. आपल्याकडे सहसा अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दोन घ्यायच्या, रात्री अकराच्या सुमारास. रक्त सकाळी आठ ते नऊ. सिस्टर, 'ही गोळी उपचार नाही, तपासणीसाठी आहे' हे ठळक छापा. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, हेही. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसोलचा आकडा खोटाच वर दिसतो.

पेडण्याची परिचारिका :
ही शेवटची सूचना पत्रकात लिहून पुरणार नाही, डॉक्टर. घरच्यांसमोर बाई हे सांगत नाही. पत्रकात 'कोणतीही नेहमीची गोळी घेत असाल तर सिस्टरला एकट्याने येऊन सांगा' असे लिहा. बाकीचे मी विचारून घेते.

फोंड्याची अनुवादक :
तसेच लिहिते. 'एकट्याने' शब्द तिथे राहील.