क्रेडिट खात्यात जमा झाले, पण मान्य कोण करणार? आणि किती दिवसांत?

मांजराकाठ:
दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याचे कोणते क्रेडिट (पास झालेल्या पेपरचे श्रेयांक) धरणार आणि कोणते नाही, हे फी घेण्याआधी लेखी सांगणं विद्यापीठावर बंधनकारक हवं. कारणासकट. ठरल्या मुदतीत उत्तर नाही आलं, तर तीच तक्रार समजून तक्रार निवारण समितीने हाती घ्यावी. यावर सगळ्यांचं मत हवंय, विरोधातलंही.

अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं) नियम जुलै २०२१ मध्ये आले. मुलांना काय सांगितलं गेलं? क्रेडिट खात्यात राहतील, जास्तीत जास्त सात वर्षं चालतील, एका संस्थेतून दुसरीत नेता येतील, शिक्षण मध्येच सुटलं तरी पुढं धरता येईल. मराठवाड्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. दिवाळीच्या आगेमागे धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात, तेव्हा कॉलेजात नाव असलेली लेकरंही कित्येकदा सोबत जातात. परभणीची मुलगी लग्न होऊन धाराशिवला गेली की नांदेडच्या विद्यापीठाच्या हद्दीतून संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या हद्दीत जाते. तिला ही सोय खरंच मिळाली तर तिचं शिक्षण वाचतं.

माझ्या पुतण्याने बीएस्सीचं पहिलं वर्ष बाहेर केलं आणि वडिलांच्या आजारपणामुळे घरी परतला. संस्थांची नावं मुद्दाम लिहीत नाही. सगळे क्रेडिट डिजिलॉकरवर दिसत होते. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, फी भरली. परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी कळलं की ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) आणि कौशल्य अभ्यासक्रमाचे क्रेडिट इथं धरता येणार नाहीत. तेही तोंडी. कागद मागितला तर “अभ्यास मंडळापुढं ठेवलंय” एवढंच उत्तर. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या या मंडळाने नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्याने दुसरी वाट धरली असती. पण उत्तरच नसेल तर पोराने करायचं काय?

निवृत्त प्राध्यापक, लातूर:
पुतण्याचा त्रास खरा आहे, तरी तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. मी बरीच वर्षं अभ्यास मंडळावर काम केलं आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. आकडे जुळले म्हणजे शिक्षण जुळलं असं होत नाही. दोन विद्यापीठांत पेपरचं नाव एकच असतं, पण एकीकडे त्यात सेंद्रिय रसायनशास्त्र असतं आणि दुसरीकडे भौतिक. असा विद्यार्थी तिसऱ्या सत्रात आणून बसवला, तर ज्या पायावर पुढचा पेपर उभा आहे तो त्याने शिकलेलाच नसतो. नापास तो होतो आणि दोष शिकवणाऱ्यावर येतो.

हे तपासायला त्या विषयाचा माणूस लागतो, दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बसावं लागतं. मुदत घातली की एक तर सगळं सरसकट मंजूर होईल, नाहीतर सरसकट नामंजूर. शिवाय एबीसीच्या नियमांतच आहे की निदान ५० टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेले हवेत. कारण त्या पदवीची जबाबदारी तिच्यावर असते. ती जबाबदारी तुम्ही तारखेला बांधताय.

मध्येच बाहेर पडण्याच्या सोयीचंही मला फार कौतुक नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट आणि वर कौशल्याचे ४ मिळवले की प्रमाणपत्र हातात. त्या प्रमाणपत्रावर बीड-जालन्यात कोण नोकरी देतो? ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला वसतिगृह द्या, मेसचे पैसे द्या. त्याला निघायची वाट सोपी करून देणं ही त्याची सेवा नव्हे.

सेलूकर:
मी कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली. खात्यात क्रेडिट चढवायचं काम मूळच्या संस्थेचं असतं. विद्यार्थ्याला ते स्वतः चढवता येत नाहीत, प्रवेश देणाऱ्या कॉलेजलाही नाही. तिकडून निकालच उशिरा लागला, तर इकडं आम्ही काय बघून सांगावं?

आणि नावांचा घोळ. आधारवर नाव आधी, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मुलीचं लग्न झालं असेल तर दोन्ही वेगळीच. एबीसी आयडी जुळत नाही, क्रेडिट दिसत नाहीत, आणि पालक आमच्या टेबलावर येऊन बोलायलेत. त्याच टेबलावर महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पात्रता आणि परीक्षा अर्ज. लेखी उत्तर द्या म्हणता, पण सही कुणाची? लिपिकाला समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचे पेपर एकमेकांच्या तोडीचे आहेत का, हे ठरवायचा अधिकार नाही. प्राचार्य म्हणतात विद्यापीठाला विचारा. उमरग्याचं पोरगं संभाजीनगरला गेलं तर जाण्यायेण्यातच दिवस जातो, काम झालं नाही तर मुक्काम. घरी रोजंदारी असेल तर तेवढी मजुरीही बुडते.

परळीची विद्यार्थिनी:
सर, वसतिगृह हवंच. पण ते मिळेपर्यंत ज्यांचं शिक्षण सुटतं त्यांनी परत यायचं कुठून? माझ्या वर्गातल्या एका मुलीचं दुसऱ्या वर्षात लग्न झालं. तिच्यासाठी निघायची वाट घरच्यांनी आधीच करून ठेवली होती. नियमाने तिला परत यायची वाट द्यायची आहे, आणि ती वाट अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत बंद ठेवली तर सासरचे म्हणणारच, “राहू दे आता.”

तक्रार निवारणाचंही सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाल द्यायचा. सगळं अगदी वेळेत झालं तरी दोन महिने उलटतात, म्हणजे सत्राचा बराचसा भाग गेला. समितीत अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य प्राध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून. एक महिला आणि मागास प्रवर्गातली एक व्यक्ती असावी हे नियमात आहे, ते चांगलंच आहे. पण ज्यांच्या हातात आमचे अंतर्गत गुण, त्यांच्याच सहकाऱ्यांपुढं तक्रार मांडायची हिंमत पहिल्या पिढीतल्या मुलीला कुठून येणार? म्हणून “तक्रार करा म्हणजे उत्तर मिळेल” हे मला मान्य नाही. उत्तर तक्रारीशिवाय मिळायला हवं.

निवृत्त प्राध्यापक, लातूर:
परत येण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं, तेवढा भाग मी मागे घेतो. मुदतीबद्दलचा नाही. पेपरच्या गुणांवरची तक्रारसुद्धा लोकपाल सहसा ऐकत नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठळक अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. त्यामागचा विचार हाच की शैक्षणिक निर्णय शिक्षकांनी घ्यावा. समकक्षताही त्याच जातीचा निर्णय आहे. तो समितीपुढं नेला की उद्या प्रत्येक नामंजूर क्रेडिटवर सुनावणी लागेल.

मांजराकाठ:
समितीने रसायनशास्त्र ठरवावं असं मी म्हणतच नाही. समितीने एवढंच विचारावं की या मुलाला उत्तर का दिलं नाही. विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असं आहे ना? पेपर तपासणं हेही शैक्षणिक कामच आहे, तरी त्याला मुदत आहे. मग अभ्यासक्रम ताडून बघण्याला का नसावी?

तासिकावाला:
मी तासिका तत्त्वावर शिकवतो, तालुक्याच्या गावी. तुम्ही दोघं सगळे क्रेडिट एकाच मापाने मोजताय, तिथं गडबड आहे. मेजर (मुख्य) विषयाचे क्रेडिट सरांच्या पद्धतीनेच तपासले पाहिजेत, पाया कच्चा राहिला तर वर्गात मला दिसतो. पण ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे क्रेडिट? ते दुसऱ्या शाखेचं काहीतरी शिकावं म्हणूनच ठेवलेत. वाणिज्यच्या मुलाने तिकडं मृदा परीक्षण घेतलं आणि इकडं त्याऐवजी योग असेल, तर जुळवायचं कशाशी आणि कशासाठी? आमच्याकडं तर नावाला यादी मोठी, प्रत्यक्षात शिक्षकच नाहीत म्हणून त्यातले एकदोनच विषय चालतात. त्या एकदोनात तुमचा नाही म्हणून क्रेडिट बाद करणं हा मुलावर सरळ अन्याय आहे.

स्वयमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलचं बघा. त्यावरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेता येतात, ही मोकळीक २०२१ पासून आहे. बाहेरचा ऑनलाइन अभ्यासक्रम धरता येतो, तर शेजारच्या विद्यापीठात वर्गात बसून केलेला कौशल्याचा पेपर का धरत नाही? हे क्रेडिट प्राचार्यांच्या सहीने त्याच दिवशी मान्य व्हावेत. अभ्यास मंडळाकडे फक्त मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) जाऊ द्या, म्हणजे त्यांचाही भार हलका होईल.

सेलूकर:
असं परिपत्रक निघालं तर माझ्या टेबलावरचं काम निम्मं कमी होईल. पण परिपत्रकात “प्राचार्यांनी करावे” असं स्पष्ट पाहिजे. “करता येईल” लिहिलं की कुणीच करत नाही.

निवृत्त प्राध्यापक, लातूर:
तासिकावाल्यांची विभागणी मला मान्य आहे. मायनर मात्र विषय बघून ठरवावा लागेल. नामंजुरीचं कारण लेखी द्यावं, यालाही माझी हरकत नाही, ते शिक्षकाचं कर्तव्यच आहे. मेजरसाठी दिवसांची मुदत घालायला विरोध कायम. त्याऐवजी तात्पुरता प्रवेश द्या, निर्णय होईपर्यंत वर्गात बसू द्या.

परळीची विद्यार्थिनी:
तात्पुरता म्हणजे किती दिवस, सर? परीक्षा अर्जाच्या तारखेच्या पुढं तो गेला, तर मांजराकाठ यांच्या पुतण्याचं जे झालं तेच होणार. निवेदन काढणार असाल तर त्यात परीक्षा अर्जाच्या आधीची तारीख घाला. ती नसेल तर माझी सही धरू नका.