श्वास अडतो रात्री, मग रक्तदाब दिवसाही का चढलेला राहतो?

प्रश्न (धनकवडी, पुणे)

वडिलांची साठी उलटली आहे. झोपेत ते मोठ्याने घोरतात, मग घोरणे एकदम थांबते, पोट हलत राहते पण हवा आत जात नाही, आणि थोड्या वेळाने ते घुसमटून दचकतात व श्वास पुन्हा चालू होतो. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला असून डॉक्टरांनी सीपॅप यंत्र (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे) सांगितले आहे. माझी शंका अशी, की प्राणवायू कमी पडतो तो रात्री. दिवसा ते व्यवस्थित श्वास घेतात, पर्वतीही चढून येतात. मग दोन गोळ्या चालू असूनही त्यांचा रक्तदाब दुपारीदेखील चढलेला का सापडतो? श्वासाचा आणि रक्तवाहिन्यांचा कारभार मेंदूत वेगवेगळा चालत नाही का?

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक)

वेगवेगळा चालत नाही, आणि आपल्या शंकेचे उत्तर बरेचसे तिथेच आहे. श्वासाची लय लंबमज्जेतील (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला तळाचा भाग) ‘प्रीबॉट्झिंगर’ या चेतापेशींच्या लहानशा समूहात तयार होते. नवजात उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांतही ही लय चालू राहते, हे १९९१ मध्ये दाखवले गेले. त्याच पट्ट्यात, किंचित वरच्या बाजूला, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अनुकंपी (सिंपथेटिक) चेतातंतूंना मज्जारज्जूमार्गे सतत चालना देणाऱ्या पेशी असतात, आणि श्वासाच्या जाळ्यातून त्यांच्यापर्यंत जोडण्या गेलेल्या आहेत.

ही गोष्ट फार जुन्या प्रयोगांतूनच सूचित झाली होती. लुडविग ट्राउब यांनी १८६५ मध्ये स्नायू लुळे केलेल्या कुत्र्यांचा कृत्रिम श्वास थांबवला, तरी रक्तदाबात लाटा उठत राहिल्या. छाती हलत नसताना लाटा येतात, म्हणजे त्यांचा उगम मेंदूत असला पाहिजे. माणसात मात्र चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. गुडघ्याजवळच्या चेतातंतूत बारीक सुई ठेवून नोंद घेतली, तर स्नायूंच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संदेश श्वास पूर्ण आत घेतल्यावर जवळजवळ थांबतात आणि उच्छ्वासात पुन्हा वाढतात. यात मेंदूतील लयीबरोबरच फुप्फुसांच्या ताणाचे आणि रक्तदाब मोजणाऱ्या संवेदकांचे संकेतही मिसळलेले असतात, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या मेंदूतील लयीला देणे मला योग्य वाटत नाही.

आता आपल्या वडिलांविषयी. श्वास अडला, की मानेतील कॅरॉटिड पिंड रक्तातील प्राणवायू घटल्याची वर्दी लंबमज्जेला देतात, आणि श्वासाचा जोर व अनुकंपी चालना दोन्ही एकदमच वाढतात. रात्रभर, महिनोन्‌महिने असे घडत राहिले, की हे पिंड अधिक संवेदनशील होतात आणि मेंदूतील जाळेही बदलते. प्राणवायू वारंवार कमी-जास्त केलेल्या उंदरांमध्ये २००८ साली असे आढळले, की एरवी सहज होणारा उच्छ्वास पोटाच्या स्नायूंच्या जोराने होऊ लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी अनुकंपी संदेशांचा एक जादा झोत निघतो. तोही प्राणवायू पुरेसा असताना. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसांत जागेपणीही अनुकंपी संदेश वाढलेले आढळतात. दुपारचा रक्तदाब चढलेला सापडतो तो यामुळे.

प्रश्नकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार, सर. वडील रोज सकाळी दीर्घश्वसन करतात. त्यामुळे हे जाळे शांत होईल का? तसे असेल तर यंत्र टाळता येईल, अशी त्यांची आशा आहे.

उत्तर २ (योगाभ्यासक)

दीर्घश्वसन अवश्य चालू ठेवावे. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले, की लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र, दोन्हींमुळे श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते. परंतु झोपेत घसा मिटतो त्यावर सकाळच्या श्वसनाचा उपाय चालत नाही, त्यामुळे ते यंत्राची जागा घेऊ शकत नाही. हे मी अनेक साधकांना आग्रहाने सांगतो, कारण आवडत्या उपायासाठी आवश्यक उपचार मागे पडतात.

उत्तर १ (पुन्हा)

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. सीपॅपने रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात काहीसा अधिक. यंत्र झोपेचा बहुतेक वेळ लावले तरच हा लाभ दिसतो, म्हणून मुखवटा टोचत असेल, हवा गळत असेल, तर तो लगेच बदलून घ्यावा. गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत. घरी सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात आणि मात्रेचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.