‘राष्ट्रीय दफनभूमी’ म्हणावे की ‘राष्ट्रीय समाधिस्थळ’?

धंतोलीचा वाचक (मूळ प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या वाचनालयात पुढील महिन्यात मला एक छोटे व्याख्यान द्यायचे आहे आणि त्याच्या सूचनाफलकावर नेमका कोणता शब्द लिहावा, एवढ्याच प्रश्नावर मी आठ दिवस अडून बसलो आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त स्लोव्हाकियात झिलिना या शहरी राहतात. गेल्या वर्षी तेथे गेलो असता जवळच्याच मार्तिन या गावी जाण्याचा योग आला. तेथील दफनभूमीला स्लोव्हाक भाषेत ‘नारोद्नी त्सिंतोरीन’, म्हणजे शब्दशः ‘राष्ट्रीय दफनभूमी’ असे नाव आहे. स्लोव्हाक लेखक, कवी, संशोधक, चित्रकार आणि राष्ट्रीय चळवळीतील पुढारी तेथे शेजारीशेजारी पुरलेले आहेत. लेखक कारोल कुझ्मानी, वनस्पतींचे अभ्यासक आणि संग्राहक आंद्रेय क्मेत्य, कथाकार मार्तिन कुकुचीन, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या लेखिका एलेना मारोथी-शोल्तेसोवा, चित्रकार मार्तिन बेन्का अशी ही नावे आहेत. त्यांतील एकही मला पूर्वी ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.

आम्ही गेलो तो १ नोव्हेंबरचा दिवस होता. त्या दिवशी तिकडे घरोघरची माणसे आपापल्या कबरी धुऊनपुसून त्यांवर दिवे लावतात. लाल काचेच्या झाकणबंद भांड्यांतील ते दिवे वाऱ्यातही विझत नव्हते, आणि जिकडेतिकडे शेवंतीच्या कुंड्या ठेवलेल्या होत्या. शेवंती पाहून मला एकदम आपल्या दसऱ्याचीच आठवण झाली. एक वयस्कर बाई गुडघ्याखाली पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने एका लेखकाच्या कबरीवरील कोरीव अक्षरांतले शेवाळ काढत होत्या. मुलीने विचारले तेव्हा कळले की, त्यांचे त्या लेखकाशी काहीही नाते नाही. त्या निवृत्त शिक्षिका असून त्यांनी या लेखकाचे धडे वर्षानुवर्षे मुलांना शिकविले होते.

माझे प्रश्न दोन आहेत. या स्थळाला मराठीत काय म्हणावे? आणि आपल्याकडे, निदान आपल्या नागपुरात, असे काही का नाही? श्रोत्यांपैकी कोणीतरी हे विचारणारच, आणि ‘आपण दहन करतो म्हणून’ एवढे उत्तर मला अपुरे वाटते.

ग्रंथालयातील ताई

सर, आधी शब्दाचे पाहू. ‘स्मशान’ हा शब्द तुम्ही टाळलात ते योग्यच केले, कारण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने चिता येते. नागपुरात तर आपण तोही शब्द क्वचित वापरतो, ‘अंबाझरी घाटावर नेले’, ‘मोक्षधामला नेले’ असेच म्हणतो. ‘कब्रस्तान’ म्हटले की मुसलमान समाजाचे, आणि ‘दफनभूमी’ म्हटले की बहुधा ख्रिस्ती समाजाचे, असे आपल्या कानाला वळण लागलेले आहे. ‘समाधी’ मात्र संताची, राजाची किंवा पुढाऱ्याची असते. ज्यांच्या कबरीवरचे शेवाळ ब्रशाने काढावे लागते त्या शाळामास्तरांना आणि कथाकारांना ‘समाधी’ देऊन टाकणे मला थोडे जड वाटते. शिवाय मूळ शब्दात तो भाव नाही. ‘त्सिंतोरीन’ हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘झोपण्याची जागा’ एवढाच आहे. म्हणून माझे मत ‘दफनभूमी’ला.

माझी खरी अडचण ‘राष्ट्रीय’ या शब्दाची आहे. राष्ट्रीय महामार्ग, राष्ट्रीय बँक, राष्ट्रीय उद्यान हे सगळे आपल्याला सरकारी वाटते. तुमच्या मार्तिन गावाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १८६१ मध्ये स्लोव्हाक पुढाऱ्यांनी आपल्या भाषेच्या आणि लोकांच्या हक्कांचे निवेदन तेथेच जमून संमत केले, आणि १८६३ मध्ये ‘मातित्सा स्लोवेन्स्का’ ही त्यांची सांस्कृतिक संस्था तेथेच निघाली. त्या काळी हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता आणि त्या सरकारने १८७५ मध्ये ती संस्था बंद करून टाकली. म्हणजे राज्य नाही, विद्यापीठ नाही, होती ती संस्थाही गेली, अशा काळात ही माणसे त्या गावात राहिली, लिहीत राहिली आणि त्याच गावच्या मातीत गेली. दफनभूमी तर त्याही आधीची, अठराव्या शतकाच्या अखेरीची. तिला राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारकाचा सरकारी दर्जा मिळाला तो १९६७ मध्ये. लोकांनी आधी ठरविले आणि सरकारने मागाहून शिक्का मारला, असा हा क्रम आहे. ‘राष्ट्रीय’ लिहावयाचेच असेल तर हा खुलासा व्याख्यानाच्या पहिल्या पाच मिनिटांत करावा.

महालकर

ताईंनी क्रमाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. सरकारने आधी ठरविले की काय होते, त्याचे उदाहरण पॅरिसचे पँथिऑन आहे. १७९१ मध्ये क्रांतिकाळातील सभेने एका चर्चचे रूपांतर थोर पुरुषांच्या विश्रांतिस्थळात केले आणि पहिला मान क्रांतीचे एक पुढारी मिराबो यांना दिला. पुढे मिराबो यांचे राजाशी गुप्त संधान होते असे उघड झाले, तेव्हा १७९४ मध्ये त्यांना बाहेर काढून त्याच दिवशी क्रांतीचेच दुसरे पुढारी झाँ-पॉल मारा यांना आत आणले, आणि काही महिन्यांनी मारा यांनाही बाहेर काढले! आपल्याकडे चौकातील पुतळ्यांवरून वाद होतात. तेथे प्रत्यक्ष देहांचीच ने-आण झाली. स्वतःच्या कर्तृत्वावर आत जाणारी पहिली स्त्री म्हणजे मेरी क्युरी, आणि ते वर्ष १९९५. त्या दारावर ‘थोर पुरुषांना कृतज्ञ मातृभूमीकडून’ अशा अर्थाची अक्षरे आहेत आणि दोनशे वर्षे ती अगदी शब्दशः पाळली गेली, असे म्हणावे लागेल.

मनिला येथे ‘वीरांची दफनभूमी’ आहे. हवाईमध्ये १९८९ साली मरण पावलेले तेथील माजी हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांना २०१६ मध्ये तेथे पुरले, तेव्हा प्रकरण फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि निकालानंतरही निदर्शने झाली. नावातच ‘वीर’ असल्यामुळे तेथे पुरणे म्हणजे वीर ठरविणे, असा लोकांचा आक्षेप होता.

आता आपले घर. दिल्लीला यमुनाकाठी राजघाट, शांतिवन, विजय घाट, शक्ती स्थळ असे एकेका नेत्याचे स्वतंत्र क्षेत्र होत गेले. जागा पुरेना, म्हणून २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सर्वांसाठी एकच ‘राष्ट्रीय स्मृती स्थळ’ करण्याचे ठरविले. ज्यांना आपल्या रामटेकने दोनदा लोकसभेत पाठविले ते नरसिंह राव २००४ मध्ये दिल्लीत वारले, त्यांचा अंत्यविधी हैदराबादला झाला आणि दिल्लीतील त्या सामाईक जागेत त्यांचे स्मारक २०१५ मध्ये झाले. मरण, दहन आणि स्मारक यांच्यामध्ये अकरा वर्षे आणि दोन शहरे. माझा मुद्दा असा की, दहन हे कारण नाहीच. यादी कोणी करावयाची, यावर आपले एकमत होत नाही, हे कारण आहे. राष्ट्रीय स्मृती स्थळातही जागा मिळते ती पदांना. कवी, संशोधक, मास्तर यांचा तेथे विचारच नाही.

शिलावर्तुळ

महालकर काका, आपल्याशी अर्धा सहमत आहे. परंतु ‘आपण दहन करतो’ या वाक्यातील ‘आपण’ कोण, हे आधी विचारले पाहिजे. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे. काटोल मार्गाने शहराबाहेर पडल्यावर जुनापाणीला काळ्या दगडांची जी वर्तुळे दिसतात, त्या कबरी आहेत. सुमारे तीनशे वर्तुळे, लोहयुगातील, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील काही खणली होती. अशा वर्तुळांत मातीची भांडी आणि लोखंडी हत्यारे सापडतात, आणि माहुरझरीला तर घोड्यांचे अवशेष त्यांच्या तांब्याच्या अलंकारांसह मिळाले. घोडा सजवून सोबत पाठविला जातो तो गावातील कोणाचाही नव्हे. त्या काळातील ‘मान्यवर नागरिकांची दफनभूमी’च ती, असे मी मित्रांना गमतीने सांगतो, आणि ती मार्तिनच्या दफनभूमीपेक्षा फार जुनी आहे. गोंड समाजात मृताच्या नावाने दगड उभा करण्याची रीत आहे, लिंगायत समाजात दफन आहे, नाथपंथी आणि गोसावी यांच्या समाध्या गावोगाव आहेत. तेव्हा व्याख्यानात ‘आपल्या संस्कृतीत पुरणे नाही’ हे वाक्य कृपया येऊ देऊ नका.

जाता जाता एक योगायोग. हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. तो सप्टेंबर १८६३, म्हणजे मातित्सा स्लोवेन्स्का निघाल्याच्या पुढचाच महिना.

धंतोलीचा वाचक

आपण सर्वांनी माझे व्याख्यान जवळजवळ लिहूनच दिले आहे. ते वाक्य माझ्या टिपणात खरोखरच होते, ते खोडले.

महालकर, यादीचा आपला मुद्दा मला मान्य आहे, पण मार्तिनला यादी कोणी केली हे पाहिल्यावर मन थोडे निवळते. मिखल होजा हे लिखित स्लोव्हाक भाषेची घडी बसविणाऱ्या तिघांपैकी एक. आपले गाव सोडावे लागून ते परमुलखात १८७० मध्ये वारले आणि १९२२ मध्ये त्यांचे अवशेष मार्तिनला आणले गेले. योझेफ त्सीगर ह्रोन्स्की हे कादंबरीकार १९६० मध्ये अर्जेंटिनात वारले. त्यांना १९९३ मध्ये, स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, परत आणले. कवी यान्को क्राल यांच्यासाठी तर केवळ प्रतीकात्मक कबर आहे. हे वाचताना मला श्यामजी कृष्ण वर्मा आठवले. १९३० मध्ये जिनिव्हाला वारलेल्या त्या क्रांतिकारकाच्या अस्थी तेथेच जपून ठेवलेल्या होत्या आणि त्या २००३ मध्ये भारतात आल्या. त्र्याहत्तर वर्षे! आणणे आपल्यालाही जमते. आणून एकत्र ठेवणे जमत नाही. श्यामजींच्या अस्थी कच्छमध्ये मांडवीला, टिळकांचा पुतळा जेथे त्यांना अग्नी दिला त्या गिरगाव चौपाटीवर, आणि गोंड क्रांतिवीर बाबूराव शेडमाके यांची आठवण चांद्याच्या तुरुंगाशी, जेथे १८५८ मध्ये त्यांना फाशी दिले.

ग्रंथालयातील ताई

सर, हे एकत्र न ठेवणे ही उणीवच आहे असे मी म्हणणार नाही. मराठीत आपण या जागांना कोणती नावे देतो ते पाहा: चैत्यभूमी, दीक्षाभूमी. बाबासाहेबांचे दहन ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला झाले. नागपूरला त्याआधी जेमतेम आठ आठवडे, १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षा झाली होती. दीक्षाभूमीवर आज अस्थी आहेत हे खरे, परंतु लोक तेथे प्रथम आले ते अस्थींसाठी नव्हे, तेथे जे घडले त्यासाठी. स्तूप उभा राहून त्याचे लोकार्पण झाले ते २००१ मध्ये; तोवर पंचेचाळीस वर्षे माणसे उघड्या मैदानावर येतच होती. लोकांनी आधी ठरविले, बांधकाम मागाहून झाले. आपला शब्द ‘भूमी’ आहे, आणि ‘दफनभूमी’तही तो आहेच.

महालकर

ताई, दीक्षाभूमीचे उदाहरण बिनतोड आहे. परंतु ते एका महापुरुषाचे आणि एका प्रचंड समाजाचे. ज्या शिक्षिकेने ब्रश हातात घेतला तिच्या लेखकासारख्या मधल्या फळीच्या माणसांचे काय? नागपुरात आयुष्यभर कोश, इतिहास, व्याकरण यांत खपलेल्या माणसांची राखसुद्धा नदीत जाते आणि मागे उरतो तो एखाद्या गल्लीच्या तोंडाशी असलेला, जाहिरातींनी झाकलेला नामफलक. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक आहे. त्यावरचे पहिले अक्षर कोणते, हे मला आता आठवावे लागते.

धंतोलीचा वाचक

तो फलक पाहायला रविवारी सकाळी येतो. ब्रश आणि बादली माझी, शिडी मात्र आपण पाहा.

सूचनाफलकाचा मजकूर असा ठरविला आहे: ‘मार्तिनची राष्ट्रीय दफनभूमी: स्लोव्हाक लोकांनी जपलेली माणसे’.

ग्रंथालयातील ताई

‘मार्तिनची’ वाचून लोकांना ते एखाद्या माणसाचे नाव वाटेल. गावाचे नाव मुळात संत मार्तिनवरूनच पडले असले तरी फलकावर ‘मार्तिन गावची’ असे लिहावे. आणि व्याख्यानाची वेळ घालण्यास विसरू नये. मागच्या खेपेस ती राहून गेली होती.