समुद्राला मिळालेलं पाणी 'वाया' गेलं म्हणायचं का?

जांबोटीकडचा
आमच्या घाटमाथ्यावर उगम पावून गोव्यातून समुद्राला जाणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभा नदीत वळवायचं की नाही, यावर बोलायला कुणीही उभं राहिलं की तिसऱ्या वाक्याला "पाणी समुद्रात वाया चाललंय" येतंच. पक्ष कुठलाही असो, भाषण कन्नडात असो नाहीतर मराठीत. माझं मत: नदीनं समुद्राला जाणं हा तोटा नाही, ते तिचं काम आहे. म्हादईचं उदाहरण घेतलं की प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते, म्हणून लांबची ॲमेझॉन घेतो.

ही नदी सेकंदाला सरासरी दोन लाख घनमीटरच्या वर पाणी अटलांटिकमध्ये ओतते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. आपलं मलप्रभेवरचं नविलतीर्थचं धरण 37.73 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), तिनं ते दीड तासात भरून टाकलं असतं. 'वाया'च्या हिशेबानं हिच्याएवढी उधळी नदी जगात नाही. पण त्या पाण्याबरोबर अँडीज डोंगरांचा गाळ जातो. मुखाबाहेर तो वायव्येला सरकत फ्रेंच गयाना, सुरिनाम, गयानापर्यंत किनाऱ्याला चिखलाचे पट्टे घालत जातो. तिथली खारफुटी त्याच चिखलावर उभी आहे.

आणि पूर. ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ नदीची पातळी वर्षाकाठी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. पाणी जंगलात शिरतं ते महिनोन्‌महिने तिथंच असतं. ताम्बाकी नावाचा दणकट दाढांचा मासा तेव्हा झाडांखाली फिरत पडलेली फळं खातो. काही बिया तो फोडतो, बाकीच्या पोटात घेऊन कुठल्या कुठं नेऊन टाकतो. मासे जंगल लावतात. यातला वाया गेलेला थेंब मला दाखवा.

मलप्रभाकाठ
असं कसं ओ? साठ-सत्तर लाख चौरस किलोमीटरचं खोरं कुठं आणि ऐंशी-एक किलोमीटर वाहणारी म्हादई कुठं! पाणीवाटपाच्या लवादानं 2018 च्या निवाड्यात म्हादईचं भरवशाचं पाणी 188 टीएमसी धरलं. कळसा-भांडुरा या तिच्या नाल्यांतून मलप्रभेत वळवायला दिलं 3.9. शंभरातले दोन. उरलेले अठ्ठ्याण्णव जाऊ देत की समुद्राला, माशांना, कुणालाही. आमच्या सौंदत्ती-रामदुर्गाकडं पाऊस हुलकावणी देतो, धरण दरवर्षी भरत नाही, आणि त्याच धरणातून हुबळी-धारवाडला प्यायला पाणी जातं. आठवड्यानं नळ येणाऱ्या बाईला तुमचा ताम्बाकी सांगून बघा एकदा.

भूगोलमास्तर
नळाचं दुःख खरं आहे, पण 'शंभरातले दोन' हे गणित फसवं. ते दोन सगळ्या नदीतून थोडे थोडे घेणार नाही आहात, कणकुंबी-नेरशाकडच्या माथ्यावरच्या नाल्यांतून घेणार आहात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अँडीजचा भाग दहा-बारा टक्के, पण नदीचा बहुतेक सगळा गाळ तिथूनच येतो. त्यातला जवळजवळ निम्मा एकटी मदेरा ही उपनदी आणते. याच मदेरावर सांतो अंतोनियो आणि जिराव ही दोन धरणं झाली. आता दोरादा मासा घ्या. हा अँडीजच्या पायथ्याला जन्मतो, प्रवाहाबरोबर पार मुखापर्यंत येतो, तिथं वाढतो आणि अंडी घालायला परत डोंगराकडं जातो. जाऊन येऊन अकरा हजार किलोमीटरच्या वर. गोड्या पाण्यातल्या माशांत एवढा प्रवास दुसऱ्या कुणाचा नोंदलेला नाही. मदेरातल्या दोरादाच्या वाटेत या दोन भिंती आल्या. खोऱ्याच्या नकाशावर ती दोन धरणं म्हणजे दोन ठिपके, टक्केवारीत दिसणारसुद्धा नाहीत.

मलप्रभाकाठ
मास्तर, कळशाच्या नाल्यात दोरादा नाही.

दूधगंगाकाठ
तुम्ही दोघं कमी पाण्यावर भांडताय. चिकोडी-निपाणीकडं 2019 ला आणि परत 2021 ला पाणी घरात आलं तेव्हा आम्हाला वाटत होतं, एकदाचं जाऊ दे रे बाबा समुद्राला! पूर हे नदीचं काम म्हणणं मानाउसकडं शोभतं, तिथली माणसं खांबांवर नाहीतर तरंगत्या ओंडक्यांवर घर बांधतात. आम्ही पूररेषेत स्लॅब टाकला आणि ऊस थेट काठापर्यंत नेला.

अनगोळची आक्का
जांबोटीकडच्या भावाची बाजू मला पटते, पण या बाजूचे लोक एक चुकीचा मुद्दा फिरवतात, तो आधी काढा. "ॲमेझॉनसारखं आपलं जंगलच पाऊस आणतं." तिथं ते खरं आहे. अटलांटिकवरून आलेली वाफ पडते, झाडं ती परत हवेत सोडतात, ती पुढं पश्चिमेला पुन्हा पडते. एनेआस सालाती यांनी 1970 च्या दशकात हे दाखवून दिलं. आपल्याकडं घाटाखाली लगेच समुद्र. मोसमी वारा सह्याद्रीला धडकतो आणि कोसळतो. उद्या भीमगडचं जंगल बोडकं केलं तरी जुलैत कणकुंबीला धो-धो पडेलच. जाईल ते फेब्रुवारी-मार्चचं पाणी, झाडांच्या मुळांनी आणि मातीनं धरून ठेवलेलं. भांडायचं तर त्यावर भांडा.

जांबोटीकडचा
आक्का म्हणतात ते महिन्यांचं गणितच मला मलप्रभाकाठ यांना विचारायचं आहे. 188 हा वर्षाचा आकडा. ॲमेझॉनचं सुद्धा वर्षाचं सरासरी पाणी अफाट, तरी 2023 च्या ऑक्टोबरात मानाउसला रिओ नेग्रो या तिच्या उपनदीची पातळी 1902 पासूनच्या नोंदींत सगळ्यात खाली गेली, आणि 2024 ला त्याच्याही खाली. 2023 लाच तिकडच्या तेफे गावाच्या तळ्यात पाणी इतकं तापलं की शंभरावर डॉल्फिन मेले. होड्या चिखलात रुतल्या आणि नदीकाठच्या गावांना प्यायला पाणी मिळेना. एवढ्या नदीची ही गत, तर घाटमाथ्यावरच्या नाल्यात एप्रिलला असतं किती? आम्ही उगमाशी राहतो ओ, आमच्या विहिरी मे महिन्यात तळ दाखवतात.

मलप्रभाकाठ
मग पावसाळ्यातच घ्या, ओढा दुथडी असेल तेव्हा. पाऊस थांबला की झडप बंद, असं कागदावर लिहून घेऊ. तरी विरोध आहे का? हो की नाही तेवढं सांगा.

जांबोटीकडचा
झडप कुणाच्या हातात, ते ठरल्यावर सांगतो. आणि आलेलं पाणी नळाला जाणार की कालव्याखालच्या उसाला, हेही त्याच कागदावर लिहा.

मलप्रभाकाठ
आलं, उसावर आलं! दूधगंगेच्या काठाला ऊस चालतो, आम्ही लावला की पाप?

दूधगंगाकाठ
मला कशाला ओढताय ओ मध्ये.